चार पाकिटं

आईला अशोकवन बघायचं होतं. श्रीलंकेत नुवारा एलियाजवळ सीता एलिया नावाचं गाव आहे. तिथं ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे, आणि कातळावरचे खळगे म्हणजे मारुतीची पावलं, असं लोक मानतात. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतल्या एक काकू तिकडं जाऊन आल्या आणि तेव्हापासून आईच्या मनानं ते घेतलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे धरलेले. "तेवढं एक दाखव, मग काही मागत नाही," म्हणाली. ते मी दाखवू शकलो नाही. पुढं कितीतरी दिवस मी चारचौघांत सांगत होतो की देशच बुडाला त्याला आपण काय करणार, आमच्या नशिबी सहल नव्हती. हे खरं नाही. सहल माझ्या हातानं गेली. आणि तिच्याबरोबर दुसरंही काही गेलं, ते जास्त लागून राहिलं आहे.

मी बँकेत कर्ज विभागात काम करतो. बुडत चाललेला कर्जदार कसा दिसतो हे मला पोटापाण्याच्या धंद्यातून माहीत आहे. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेनं परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. सगळं मिळून ५१ अब्ज डॉलर. ती बातमी मी ऑफिसात वाचली, शेजारच्या टेबलाला समजावूनही सांगितली. २०१९ मध्ये कर कमी केले, व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, त्याच वर्षी ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, मग कोरोना आला आणि पर्यटक बंद झाले. डॉलर येणार कुठून? आणि त्याच आठवड्यात मी चौघांचं बुकिंग केलं.

कारण सरळ होतं. त्यांचा रुपया गडगडला होता. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला दोनशेच्या आसपास असलेला त्यांचा रुपया मेपर्यंत साडेतीनशेच्या पुढे गेला. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेचारच्या वर मिळत होते. टूर एजंटनं सांगितलेला आकडा एरवीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी होता. समुद्राकडेला खिडकी असलेलं हॉटेल, गाडी, ड्रायव्हर, सात दिवस. त्यानं, "साहेब, टुरिस्टला तिथं कोणी हात लावत नाही," असंही सांगितलं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. ही म्हणाली, "अहो, पेट्रोलच्या रांगा दाखवताहेत टीव्हीवर." मी म्हटलं, रांगा त्यांच्यासाठी, आपली गाडी पॅकेजमध्ये आहे. हे वाक्य मी जसंच्या तसं बोललो होतो. गाडी पॅकेजमध्ये असली तरी तिच्यातलं डिझेल त्याच रांगेतून येणार, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

शुक्रवारी, ६ मे ला, मुंबई विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत असताना फोनवर बातमी आली. त्या दिवशी श्रीलंकेत देशभर हरताळ झाला होता आणि मध्यरात्रीपासून आणीबाणी लागू केली होती. मी वाचली आणि फोन खिशात ठेवला. आई व्हीलचेअरवर बसून समोर बघत होती, मुलगी गाणी ऐकत होती, ही पासपोर्ट मोजत होती. मी कुणालाच सांगितलं नाही. पैसे भरलेले होते. आता मागे फिरलो तर अर्धेही परत येणार नाहीत, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. दुसरं काही नव्हतं.

कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, तीसेक किलोमीटर. व्हॅन घेऊन आलेला ड्रायव्हर पस्तिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. आईला बघून "आयुबोवन, अम्मा," म्हणाला आणि स्वतः हात धरून तिला गाडीत चढवलं. हायवेवर लागल्यावर तो मला म्हणाला, "सर, एक विचारू? आज टाकीत डिझेल आहे. कोलंबोत थांबू नका. आत्ता सरळ कँडीला जाऊ, उद्या नुवारा एलिया. शहर शेवटी बघा."

ही त्या सात दिवसांतली सगळ्यात शहाणपणाची सूचना होती. शनिवारी निघालो असतो तर सोमवारी सकाळी आई त्या ओढ्याच्या काठी उभी असती. मी नाही म्हटलं. कोलंबोतल्या दोन रात्रींचे पैसे भरलेत, समुद्राकडची खोली आहे, ती का सोडायची? उलट त्या दिवशी मी गाडी पुरेपूर वापरली. गंगारामय विहार, पेट्टाचा बाजार, तिथून पार दक्षिणेला माउंट लॅव्हिनियाचा किनारा, परत कपड्यांची दुकानं. तो दर वेळी काट्याकडे बघायचा आणि काही न बोलता गाडी सुरू करायचा. मला ते दिसत होतं.

त्या शहरानं मला तेव्हाही काही कमी सांगितलं नव्हतं. एका चौकात गॅस सिलिंडरची रांग होती, निळे आणि पिवळे, आणि माणूस एकही नाही. सिलिंडर एकमेकांना साखळीनं बांधून कुलूप लावून लोक कामाला गेले होते. साडेबारा किलोचा सिलिंडर आदल्या महिन्यात २,६७५ रुपयांवरून ४,८६० वर गेला होता आणि त्या भावातही मिळत नव्हता. पेट्रोल पंपावरून रिक्षांची ओळ निघायची आणि दोन वळणं घेऊनही संपायची नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो नका ना काढू." मी काढला. त्यात एक रिक्षावाला मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला आहे. तो फोटो मी गावाकडच्या ग्रुपवर टाकला होता. नंतर पुसला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

रविवारी ड्रायव्हर दुपारीच डिझेलच्या रांगेत जाऊन लागला. आम्ही मोकळे होतो. आईला चहा लागतो, आणि दुधाचा लागतो. तिथं घरोघरी चहात दूध पावडरच घालतात. पण आयातीला डॉलर नाहीत म्हणून पावडर मिळेना, टपऱ्यांवरही दुधाचा चहा मिळायचा बंद झालेला, कोराच देत. हॉटेलच्या खोलीत किटली होती, म्हणून आम्ही चौघं कोल्लुपिटियातल्या एका सुपरमार्केटमध्ये गेलो. पावडरची पाकिटं फळीवर नव्हती, काउंटरच्या मागे ठेवली होती. माणशी एक, अशी पाटी होती.

आम्हाला एक पाकीट पुरलं असतं. चारशे ग्रॅम, तेही एकटी आई पिणार. मी चौघांना वेगवेगळं रांगेत उभं केलं. नियमात बसत होतं. पुढच्या प्रवासात मिळालं नाही तर, म्हणून. मी, मग ही, मग मुलगी, शेवटी आई. आईच्या मागे एक बाई होती, बरोबर सातआठ वर्षांची मुलगी. मुलीच्या अंगावर पांढरा स्वच्छ फ्रॉक. तिथं मुलं रविवारी विहारातल्या धम्मशाळेत जातात, तेव्हा असे पांढरे कपडे घालतात. आईच्या हातात पाकीट देऊन काउंटरवरच्या पोरानं त्या बाईकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "नॅ." सिंहली आणि मराठी लांबच्या बहिणी. ग्रामचं आपण गाव केलं, त्यांनी गम केलं, भाताला ते बत म्हणतात. हा "नॅ" तर कुणालाही कळला असता.

ती बाई भांडली नाही. तिनं आईच्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं, मग आम्हा बाकीच्या तिघांच्या हातांकडे. आई म्हणाली, "संपलं का रे? हे देऊन टाकू तिला?" मी म्हटलं, "आई, चल." दंडाला धरून मी तिला बाहेर आणलं.

याच्यावर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. पेट्रोल, वीज, सरकार, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. ते एक पाकीट होतं.

सोमवारी, ९ मे ला, ड्रायव्हर पहाटेपर्यंत रांगेत काढून सकाळी सातला हॉटेलवर हजर होता. डोळे लाल. टाकी पूर्ण नव्हती, पण कँडीपर्यंत आणि थोडं पुढे जाण्याइतकं मिळालं होतं. "लवकर निघू सर, आज टेम्पल ट्रीजला त्यांची माणसं जमणार आहेत." टेम्पल ट्रीज म्हणजे पंतप्रधानांचं निवासस्थान, गॉल रोडवर, आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी नाश्ता झाल्याशिवाय निघणार नव्हतो, पॅकेजमध्ये नाश्ता होता. मग बिलात धुलाईचे पैसे जास्त लावले होते. त्यावर मी काउंटरवर वाद घालत बसलो. किती वेळ, ते मुलीनं नंतर सांगितलं: पन्नास मिनिटं. आम्ही गाडीत बसलो तोपर्यंत रस्ता बसगाड्यांनी भरला होता. पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांच्या समर्थकांना गावोगावहून घेऊन आलेल्या त्या बसगाड्या. पहिल्याच चौकात पोलिसांनी मागे फिरवलं.

दुपारी ती गर्दी टेम्पल ट्रीजमधून बाहेर पडली. आधी दाराबाहेर बसलेल्या आंदोलकांचे तंबू मोडले, मग गॉल फेसच्या मैदानाकडे निघाली. तिथं ९ एप्रिलपासून लोकांनी अख्खं गाव वसवलं होतं. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया यांनी जावं, म्हणून नाव 'गोटा गो गम'. त्यात वाचनालय होतं, दवाखाना होता, अन्नछत्र होतं. काठ्यांनी त्याचीही मोडतोड झाली. हे आम्हाला त्या वेळी कळलं नाही. आम्हाला फक्त धूर दिसला आणि अश्रुधुराचा वास समुद्राच्या वाऱ्याबरोबर खोलीत आला. आई खोकायला लागली, तिच्या तोंडावर ओला टॉवेल धरला. दुपारीच संचारबंदी लागली. महिंदांनी राजीनामा दिला. मग चिडलेले लोक उलटले. बसगाड्या पेटल्या, समर्थकांना बेइरा तलावात ढकललं, रात्रभर नेत्यांची घरं जळत होती. निट्टंबुवा गावी सत्ताधारी पक्षाचा एक खासदार मारला गेला. निट्टंबुवा कँडीच्या रस्त्यावर आहे, आम्ही जाणार होतो त्याच.

मी खोलीत फोनवर होतो. एजंटला, विमान कंपनीला, उच्चायुक्तालयाला, साडूला. रात्री नऊच्या सुमाराला हॉटेलनं भात, परिप्पू म्हणजे त्यांची डाळ, आणि नारळाची तिखट चटणी पाठवली. आईनं पहिला घास घेतला नाही. विचारलं, "ते गाडीवालं पोरगं कुठंय?"

मला माहीत नव्हतं. सकाळी रस्ता बंद झाल्यापासून मी त्याला विचारलंच नव्हतं.

खाली पार्किंगमध्ये तो व्हॅनमध्येच होता. घर कुरुनेगलाकडे, शंभरेक किलोमीटरवर, संचारबंदीत जाणार कसा? हॉटेलात ड्रायव्हरांसाठी झोपायची खोली होती, ती स्वयंपाकघरातल्या अडकलेल्या माणसांना दिली होती. सीटवर बिस्किटाचा अर्धा पुडा होता. दिवसभराचं तेवढंच. मला बघून तो शर्ट नीट करत उठला आणि त्यानं विचारलं, "अम्मांचा खोकला कसा आहे?"

त्या रात्रीपासून आईनं कारभार आपल्या हातात घेतला. ताटं पाच मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळी किटलीत दुधाचा चहा करून मुलीच्या हाती खाली पाठवला, मग गुडघे धरत स्वतःच लिफ्टनं खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही म्हणून मी बघायला गेलो. ड्रायव्हर आणि वॉचमन बांबूच्या कामट्या तासत बसले होते. १५ तारखेला वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी घराघरावर कागदी कंदील लावतात. "हे अट पट्टम," तो सांगत होता. अट म्हणजे आठ. आठ पैलूंचा सांगाडा, दोरा आवळून बांधायचा, वर पातळ रंगीत कागद. आई खुर्चीत बसून खळ लावत होती. आमच्याकडे दिवाळीला तिनं वर्षानुवर्षं आकाशकंदील घरी केला आहे. तिनं त्याला खालच्या झिरमिळ्या कशा कातरायच्या ते दाखवलं, कागदाची घडी करून, टोकाला न तोडता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाहेर त्याच दिवशी लष्कराला दिसेल त्या लुटारूवर गोळी झाडायचे आदेश निघाले आणि इथं ही दोघं कागद कातरत होती. मी शेजारी बसलो.

बोलता बोलता त्यानं वडिलांच्या भातशेतीचं सांगितलं. २०२१ मध्ये सरकारनं रासायनिक खत आणायला एका झटक्यात बंदी घातली. शेतकऱ्याला ना वेळ दिला, ना पुरेसं सेंद्रिय खत. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, पण हंगाम निघून गेला होता. "अप्पांचं भात निम्म्यावर आलं," तो म्हणाला. मी ऊसपट्ट्यातला माणूस. युरिया आठ दिवस उशिरा आला तर आमच्याकडे काय होतं ते मला सांगायला नको. तीन दिवस हा माणूस माझ्यासाठी गाडीचा एक भाग होता, आणि त्याच्या घरचं दुखणं मला माझ्याच भाषेत समजणारं होतं.

मी तेव्हा त्याची माफी मागायला हवी होती. दोनदा तोंडाशी आलं. मग फोन वाजला.

१२ तारखेला सकाळी सातला संचारबंदी उठली, दुपारी दोनपर्यंतच. आमची तिकिटं त्या रात्रीवर बदलून घेतली होती, पण निघणं सकाळीच भाग होतं. कँडीसाठी रात्र जागून मिळवलेलं डिझेल विमानतळाच्या वाटेवर जळलं. बेइरा तलावाकाठी बसगाड्यांचे काळे सांगाडे होते. आणि सात वाजून गेले नाहीत तोच दुकानांपुढे पुन्हा तीच माणसं, तशीच ओळीत. विमानतळावर आईनं पिशवीतून पावडरची तीन बंद पाकिटं काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं दोन ठेवली, एक परत केलं. "अम्मांच्या चहाला." आईनं ते पुन्हा त्याच्या सीटवर ठेवलं. मी त्याला टिप दिली. त्या वेळी मला ती भरपूर वाटली.

इथपर्यंतचं सगळं मी कुणाकुणाला सांगितलं आहे. पुढचं सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी एजंटमागे लागलो. कँडी नाही, नुवारा एलिया नाही, सातातले चार दिवस गाडी जागेवर उभी. पैसे परत पाहिजेत. ईमेल, फोन, ग्राहक मंचाची धमकी. हे मला चांगलं जमतं, वसुली हाच माझा धंदा आहे. महिन्याभरात बऱ्यापैकी रक्कम खात्यावर आली. मी घरात सगळ्यांना सांगितलं, पेढे नाहीत पण आइस्क्रीम आणलं. मधल्या काळात, १८ मे ला, तांदूळ, दूध पावडर आणि औषधं भरलेलं जहाज चेन्नईहून कोलंबोला निघाल्याची बातमी आली होती. आईनं ती मला वाचून दाखवायला लावली. जहाजात दूध पावडर किती, हेही विचारलं.

९ जुलैला टीव्हीवर लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरलेले दिसले, तरणतलावात पोहत होते. आई म्हणाली, "त्याला फोन लाव." लावला. तो पंपावर होता, तिसरा दिवस. डिझेल ४६० रुपये झालं होतं, पण पंपावर येईल तेव्हा. मी घरच्यांची चौकशी केली, अप्पांची केली, मग कशावरून तरी मेमधल्या त्या दिवसांचा विषय निघाला. तो कसलीही तक्रार न करता बोलून गेला की त्या चार दिवसांची मजुरी त्याला मिळाली नव्हती. तिथल्या कंपनीनं सांगितलं, इंडियन गेस्टनं क्लेम केला, त्या दिवसांचे पैसे परत गेले.

तीन रात्री तो व्हॅनमध्ये झोपला, त्याचे पैसे माझ्या खात्यावर होते. त्यातून आम्ही आइस्क्रीम खाल्लं होतं.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. हेही अर्धंच खरं. कुणाच्या खिशातून येतंय हे मी विचारलं नव्हतं, आणि बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला तो प्रश्न सुचत नाही असं होत नाही. मी म्हटलं, खाते क्रमांक पाठव, लगेच पैसे पाठवतो. कशी प्रक्रिया असते तेही सांगायला लागलो. पलीकडे कुणीतरी ओरडलं, हॉर्न वाजले. "ओळ हलली सर, अम्मांना सांगा," म्हणाला आणि फोन बंद झाला.

खाते क्रमांक त्यानं पाठवला नाही. मी मेसेज केले, उत्तरं येतात, घरचं सगळं कळवतो, क्रमांक तेवढा देत नाही. एजंटकडून मिळवायचा प्रयत्न केला, त्यानं हात वर केले. ती रक्कम मी वेगळी काढून ठेवली आहे. दर वेसाकला तो आईसाठी फोटो पाठवतो, दारावर लावलेला आठ पैलूंचा कंदील. खालच्या झिरमिळ्या आईनं शिकवल्या तशाच कातरलेल्या असतात. आई चष्मा लावून फोटो मोठा करून बघते, आणि फोन माझ्याकडे देताना दर वेळी विचारते, "दिलेस का रे त्याचे?"